एकतीस ते एकोणचाळीस

३ फेब्रुवारी

सातवी ‘ब’च्या इंग्रजीच्या बाई यांस,

पत्राच्या वर सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत आहे. नमस्कार करतो. प्रेम आज मनात नाही, म्हणून ते लिहीत नाही.

तिसऱ्या बाकावर भिंतीच्या कडेला बसते, दोन वेण्या, डावखुरी, ती माझी नात. घरी आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिची आई दवाखान्यात पाळीवर असते, त्यामुळे अभ्यास माझ्याकडे. काल तिने विरुद्धार्थी शब्दांचा पेपर आणला. पन्नासपैकी अडतीस. विशेष तुकडीला चाळीस लागतात हे तिने मला सांगितलं नाही. दप्तर ज्या आवाजाने जमिनीवर पडलं त्यावरून कळलं.

बाई, मी तो पेपर तीनदा वाचला. पाच चुका तिच्या आहेत. त्या कबूल. आमच्याकडे पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आहेत, एका चिठ्ठीवर एक शब्द. मी शब्द म्हणायचा, तिने उलट शब्द सांगायचा आणि वाक्य करायचं. चुकला की चिठ्ठी परत डब्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. त्या पाच चिठ्ठ्या आज सकाळी डब्यात गेल्या. पण एकतीस ते एकोणचाळीस या नऊ प्रश्नांत सात फुल्या? एन्शंटच्या उलट तिने मॉडर्नला खूण केली, त्याला फुली. ब्रेव्हच्या उलट कॉवर्डली, त्याला फुली. जनरसच्या उलट मीन, फुली. लाल शाई शाळेची आहे म्हणून ती अशी उधळायची का?

मी सहावीत शाळा सोडलेला माणूस. चौतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाची अक्षरं उलटी असतात, ती उलटीच वाचायची. इंग्रजी मी त्यातून शिकलो, एकेक अक्षर बोटाने. त्या चौतीस वर्षांत माझ्या हातून छापून गेलेली एक चूक कोणी दाखवावी. तुम्हाला एका पानात सात झाल्या.

या मुलीला दुभाषी व्हायचंय. आईच्या दवाखान्यात परक्या भाषेचा रोगी आला की कुठे दुखतंय ते त्याला सांगता येत नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. विशेष तुकडीला इंग्रजीचा रोज तास असतो. तिथे नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी ती ‘क’ तुकडीत, आणि ‘क’ तुकडीला वर्षभर त्या तासाला नकाशे रंगवायला बसवतात. मला उत्तर हवं. पाकीट चिकटवलेलं आहे, तिने उघडलेलं नाही.

भिंगरीचा आजोबा

६ फेब्रुवारी

आजोबांना नमस्कार.

प्रेम वगळलंत ते बरं केलंत, माझाही वेळ वाचला.

तुमचं पाकीट तुमच्या नातीने मधल्या सुट्टीत दिलं आणि समोरच उभी राहिली. उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही असा चेहरा. तो चेहरा कुठून आला हे पत्र वाचल्यावर समजलं.

लाल शाई माझी नाही. चार तुकड्यांचे दोनशे तीस पेपर तीन दिवसांत तपासायचे असतात. प्रश्न पुस्तकातून जसेच्या तसे येतात आणि उत्तरंही पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून. त्या उत्तरांप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडलेली आहेत. पुठ्ठा पेपरवर ठेवायचा, भोकात खूण दिसली तर बरोबर, नाही दिसली तर फुली. तपासणी चित्रकलेच्या आणि व्यायामाच्या सरांनी केली, कारण पुठ्ठ्याला इंग्रजी यावं लागत नाही. मी फक्त बेरीज करते. बेरीज बरोबर आहे.

आता माझा प्रश्न. वर्गात बासष्ट मुलं. त्यातल्या अठ्ठावन्न मुलांचे हे नऊच्या नऊ प्रश्न बरोबर आले. तुमची नात शहाणी आणि अठ्ठावन्न मुलं वेडी? पुस्तक सगळ्यांकडे आहे, हिच्याकडे नाही. विचारलं तर म्हणाली, आजोबा घरात आणू देत नाहीत. आपल्या घरात बसून नाकाने कांदे सोलायचे आणि गुण गेले की शाळेला पत्र लिहायचं, हे सोपं आहे. मुलीला पुस्तक घेऊन द्या. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

इंग्रजीच्या बाई

८ फेब्रुवारी

बाई,

पुस्तक आणू देत नाही, हो. मला ते पुस्तक दिसलं तरी चालत नाही. शेवटचं पान पाठ करायचं, एकतीस अ, बत्तीस क, तेहतीस अ. मुलं मधल्या सुट्टीत असं घोकतात, भिंगरी सांगते. याला अभ्यास म्हणता? ही पोपटपंची झाली. पोपट निदान शब्द तरी म्हणतो, तुमची मुलं नुसते आकडे म्हणतात.

अठ्ठावन्न मुलांचं बरोबर आलं म्हणून ते बरोबर, हा हिशेब कुठला? अठ्ठावन्न जण एकाच खड्ड्यात पडले तर त्याला रस्ता म्हणायचं का? मला वाद घालायचा नाही. मला फक्त एवढं हवंय की, पुठ्ठा बाजूला ठेवा. पुस्तक उघडा. एकतीसपासून एकोणचाळीसपर्यंत प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, उत्तरं स्वतःच्या डोक्याने द्या आणि मग शेवटच्या पानाशी लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही इंग्रजीच्या बाई आहात, भोकं मोजायला नेमलेल्या नाहीत.

भिंगरीने काल चिठ्ठ्यांचा डबा माळ्यावर टाकला. म्हणाली, तुम्ही शिकवलेलं चुकीचं आहे, सगळ्यांचं बरोबर येतं. मी या मुलीसमोर आजवर कशातही खोटा पडलो नव्हतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चोर कोण, ते तुम्ही शोधा.

आजोबा

१२ फेब्रुवारी

आजोबा,

पाच मिनिटांचं काम म्हणालात, मी अर्धा तास बसले, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना.

तुमची नात बरोबर आहे. तेहतीसचा प्रश्न ब्रेव्ह, शेवटचं पान म्हणतं अ. अ म्हणजे स्ट्राँग. एकतीसचा प्रश्न एन्शंट, शेवटचं पान म्हणतं ओल्ड. नऊपैकी सात उत्तरं धडधडीत चुकीची आहेत. मी हे पुस्तक इथे चार वर्षं शिकवतेय. शाळेत ते बारा वर्षं चालू आहे. बारा वर्षं मुलं पाठ करतायत की एन्शंटच्या उलट ओल्ड, आणि आम्ही बरोबरच्या खुणा करतोय. शरमेने मान खाली गेली. तुम्ही जे बोललात ते सगळं मला लागू आहे.

मग मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, “बारा वर्षांत कुणाची तक्रार नाही. पुस्तक चुकतं का? तुमचं काहीतरी चुकत असेल.” मी म्हटलं, वाचून बघा. म्हणाल्या, “निकाल लागलाय. एकाचे गुण बदलले की दोनशे तीस पालक दारात उभे राहतील. छापणाऱ्याने लेखी दिलं की चूक त्याची आहे, तर बघू.” विशेष तुकडीची यादी पंचवीसला लागणार आहे. म्हणजे हातात तेरा दिवस.

पुस्तक काढणाऱ्याच्या पत्त्यावर गेले. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. पुस्तक तुमच्या नातीबरोबर पाठवतेय, शेवटच्या पानाच्या तळाला छापखान्याचं नाव आहे. तुम्ही त्या धंद्यातले, तुम्हाला माणसं ठाऊक असतील. शोधा त्याला. कोण तो जुळारी होता कोण जाणे, कामावर बसून झोपा काढत असणार. त्याच्या एका डुलकीपायी किती मुलांचं वाटोळं झालं असेल! तो समोर आला तर मी त्याला वर्गात उभा करीन आणि ही नऊ उत्तरं शंभर वेळा लिहायला लावीन.

आणि अजून एक. मी इथे कायम नाही. दर मार्चमध्ये मोठ्या बाईंच्या सहीने माझं पुढचं वर्ष ठरतं. हे सांगायचं नव्हतं, पण तुमच्यासारख्या माणसापुढे लपवून उपयोग नाही.

बाई

१८ फेब्रुवारी

आजोबा,

सहा दिवस झाले. तुमच्या नातीला विचारलं तर म्हणते, “आजोबा पुस्तक घेऊन बसलेत. बोलत नाहीत.”

इकडे मोठ्या बाईंनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. शाळेच्या पुस्तकाविरुद्ध पालकांना का भडकवलं, असा. भडकवलं मी! हसू की रडू? शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर माझ्याशी बोलत नाहीत, कारण पुठ्ठ्याला भोकं त्यांनी पाडली होती आणि त्यांना वाटतंय मी त्यांचं नाव घेतलं. आग तुम्ही लावलीत आणि आता करून सवरून नामानिराळे? छापखाना सापडला की नाही, हो किंवा नाही, एवढं तरी कळवा.

बाई

१९ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

थंडीने गुडघे धरलेत, म्हणून लिहिणं झालं नाही.

छापखाना बंद पडून नऊ वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली. तिथलं आता कोणी भेटेलसं वाटत नाही. जुनी गोष्ट आहे, एवढ्या वर्षांनी कोण कशाला पुढे येईल? तुम्हालाही उगाच त्रास. जाऊ द्या झालं. ‘क’ तुकडीत तरी काय वाईट आहे, शिकणारं मूल कुठेही शिकतं. मी घरी घेईन तिच्याकडून.

पुस्तक परत पाठवतोय. तुमचा खुलासा सौम्य शब्दांत लिहा, नोकरी महत्त्वाची.

आजोबा

२० फेब्रुवारी

जाऊ द्या?

तीन तारखेला तुम्ही मला पत्र लिहिलंत त्यात प्रेमसुद्धा परवडत नव्हतं. आठ तारखेला चोर शोधा म्हणालात. मी शोधायला निघाले, डोकं उखळात घातलं, आणि आता जाऊ द्या? ‘क’ तुकडीत काय वाईट आहे हे तुम्हीच मला लिहिलं होतंत. नकाशे रंगवतात.

तुमच्या नातीचं काय चाललंय ते ऐका. आज मी फळ्यावर दहा शब्द दिले, विरुद्धार्थी लिहा म्हटलं. तिने सगळे चुकीचे लिहिले. एकही बरोबर नाही. जिला पन्नासातले पंचेचाळीस येतात तिला मुद्दाम ठरवल्याशिवाय दहाच्या दहा चुकवता येत नाहीत. जवळ बोलावलं तर शांतपणे म्हणाली, “आजोबांच्या पद्धतीने लिहिलं की चुकतं. मला पुस्तक मिळालं की पाठ करीन.” मी तिला सांगणार होते की तू बरोबर होतीस. पण कशाच्या जोरावर सांगू? मोठ्या बाईंनी मला वर्गात या विषयावर बोलायला बंदी केलीय.

तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवताय आजोबा. काय ते कळत नाही, पण लपवताय. कुणा ओळखीच्या माणसाला वाचवताय का? जुना मित्र आहे? तर त्याला सांगा, तुझी अब्रू तू सांभाळ, त्याची किंमत एका बारा वर्षांच्या मुलीने का द्यावी?

यादी पाचच दिवसांवर आहे.

बाई

२२ फेब्रुवारी

बाई,

मित्र नाही. मीच.

पुस्तक हातात आलं त्या संध्याकाळीच ओळखलं. तळाला नाव होतं म्हणून नाही. पानाची मांडणी बघून. माणूस आपलं अक्षर ओळखतो तसा जुळारी आपलं पान ओळखतो.

झालं ते असं. छपाईच्या आदल्या दिवशी पुस्तकवाल्याचा निरोप आला की एकतिसावा शब्द आधीच्या पानावर येऊन गेलाय, तो काढा आणि चाळिसाव्या जागी नवा घाला. मी प्रश्नांच्या पानावरून एकतिसावी ओळ काढली, खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकवल्या, चाळीसवर नवा शब्द बसवला. मग उत्तरांचं पान घेतलं. तिथे चाळिसावं उत्तर बदललं आणि एकतिसावं काढायचं विसरलो. प्रश्न सरकले, उत्तरं जागेवर राहिली. आज पुस्तकात बत्तीसच्या पुढे जे उत्तर आहे ते खरं एकतीसचं आहे, तेहतीसच्या पुढचं बत्तीसचं, असं अडतीसपर्यंत. एकोणचाळीसचं खरं उत्तर तर मी नवं बसवताना उडवूनच टाकलं. लावून बघा, कोणालाही पटेल. भिंगरीची ३६ आणि ३८ बरोबर निघाली ती केवळ तिथे शेजारशेजारच्या दोन उत्तरांचं अक्षर एकच होतं म्हणून.

डुलकी लागली नव्हती. तुम्ही म्हणालात तसा झोपलो असतो तर बरं वाटलं असतं. मी टक्क जागा होतो आणि रागात होतो. प्रूफ वाचायला एक नवी मुलगी आली होती, जेमतेम विशीची. म्हणाली, “ओळी हलवल्यात, पुन्हा एक प्रूफ काढून द्या, मी बघते.” मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, “मी खिळे जुळवायला लागलो तेव्हा तू जन्मली नव्हतीस. माझ्या हाताला दुसरं प्रूफ लागत नाही.” ती आपल्या जागेवर परतली. पान तसंच यंत्रावर चढलं. संध्याकाळी सगळे माझ्या रुबाबावर हसले, मीही हसलो.

माझ्या हातून एक चूक दाखवा म्हणून मी तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही दहा दिवसांत दाखवलीत. मला वाटलं गप्प राहिलं तर नात एक वर्ष नकाशे रंगवेल, पण तिचा आजोबा तरी शाबूत राहील. हे लिहिताना मला माझीच किळस येतेय. स्वतःची नात ‘क’ तुकडीत ढकलून मी माझं नाव झाकत होतो.

सोबत मोठ्या बाईंच्या नावे वेगळं पत्र आहे, सहीनिशी, वर लिहिलेलं सगळं त्यात आहे. छापणाऱ्याचं लेखी हवं होतं ना त्यांना? घ्या. खुलाशात माझं नाव घाला, सौम्य शब्द नकोत.

या वेळी पत्र भिंगरीबरोबर पाठवत नाही. शेजारचे गृहस्थ शाळेवरून जातात, त्यांच्या हाती देतोय.

आजोबा

२६ फेब्रुवारी

आजोबा,

तुमच्या पत्राने काम झालं. मोठ्या बाईंनी तीनदा उत्तरं लावून बघितली, चौथ्यांदा शिपायाला इंग्रजी येतं का विचारलं आणि शेवटी खुर्चीत मागे टेकल्या. काल दिवसभर सगळे पेपर पुन्हा तपासले, पुठ्ठ्याविना. मी स्वतः, आणि चित्रकलेचे सर शेजारी बसून शब्दकोश उलटत होते. तुमच्या नातीला पंचेचाळीस. यादीत नाव आहे, सातवं.

माझा खुलासा फाडला. पुढच्या वर्षीचं अजून बोलल्या नाहीत, पण फाडला.

दुसरी बाजूही सांगते, कारण तुम्हाला गोड तेवढंच कळवायची माझी इच्छा नाही. ज्या मुलांनी शेवटचं पान पाठ केलं होतं त्यांचे सात-सात गुण गेले. आमच्याच वर्गातली अकरा मुलं यादीतून बाहेर पडली. त्यांनी काय गुन्हा केला? शाळेने दिलेलं पुस्तक खरं मानलं. मी भांडून त्यांच्यासाठी वीस मार्चला फेरपरीक्षा मागून घेतलीय. शब्द मी काढणार आहे, पुस्तकातून नाही.

मोठ्या बाईंनी नव्या यादीशेजारी तुमचं पत्र फलकावर लावलं. पालकांचा गोंधळ नको म्हणून, असं त्यांचं म्हणणं. मला आधी विचारलं असतं तर मी अडवलं असतं. तुम्ही नातीला घरी सांगितलं असेलच, या भरवशावर मी गप्प बसले.

झोपा काढणारा जुळारी म्हटलं होतं, ते मागे घेते. झोपलेल्या माणसाची चूक माफ करता येते. तुमच्यावर अजून राग आहे. तरी नमस्कार करते.

बाई

२७ फेब्रुवारी

आजोबा,

मी तुमच्याशी बोलत नाहीये म्हणून लिहून टेबलावर ठेवतेय. आईला मध्ये घालू नका. ती पाळीवरून दमून येते.

यादी बघायला सगळे फलकापुढे गेलो. मला माझं नाव दिसायच्या आधी तुमचं अक्षर दिसलं. लांबूनच ओळखलं. मला वाटलं आजोबांनी अजून एक भांडणाचं पत्र लिहिलं, आणि मला हसू आलं. मग मी वाचलं. माझ्या मागे सगळा वर्ग वाचत होता. कोणीतरी मोठ्याने वाचत होतं.

तुम्ही बाईंना सांगितलंत. मोठ्या बाईंना सांगितलंत. शेजारच्या काकांच्या हातात पाकीट दिलंत. त्या फलकाला कळलं, शिपायाला कळलं. घरात तुमच्यासमोर बसून जेवणाऱ्या माणसाला कळवायचं राहिलं का? आदल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, “भाजी अजून वाढू का?” तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं.

आणि मी दोन आठवडे समजत होते की मी मठ्ठ आहे. तुम्ही पुस्तक घेऊन खिडकीत बसायचात आणि मी तुमच्याकडे बघून विचार करायचे की आजोबांना आता माझी लाज वाटते म्हणून ते बोलत नाहीत. एकदा तरी म्हणायचंत, भिंगरी, तू बरोबर होतीस. चूक कोणाची ते नंतर सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

तुम्ही चुकलात त्याचा मला राग नाही. मी पाच शब्द चुकले, तुम्ही मला मारलं नाहीत. चिठ्ठी परत डब्यात टाकलीत, बस्स. तुमची चूक तुम्ही कुठे टाकलीत? तुम्ही ती लपवलीत.

आता ठेंगीचं ऐका. ती माझ्या बाकावर बसते, सगळ्यात बुटकी म्हणून ठेंगी. ती खूप हुशार नाहीये पण ती खूप अभ्यास करते. तिचे वडील तिला सकाळी उठवून शेवटचं पान म्हणून घ्यायचे. तिला चव्वेचाळीस होते. आता सदतीस आहेत. तिने तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचलं, खालची सही वाचली, माझ्याकडे बघितलं. वर्गात येऊन दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बाई म्हणाल्या इकडे ये, तरी आली नाही.

मी विशेष तुकडीत जाणार आहे. सोडणार नाही, ती माझी जागा आहे, मी मिळवलीय. पण फेरपरीक्षा वीस मार्चला आहे. ठेंगीच्या घरी तुम्ही जायचं. मी नाही जाणार, आईला पाठवायचं नाही, आणि पत्र तर अजिबात लिहायचं नाही. तुमचे गुडघे दुखत असतील तर हळू चाला. तिला तिच्या आई-वडिलांसमोर सांगायचं, आणि ती हो म्हणाली तर तिला शिकवायचं. ती नाही म्हणाली तर तेही ऐकून यायचं.

तुम्ही गेलात की मी बोलेन की नाही ते माहीत नाही. तरी जायचं.

नात

१ मार्च

भिंगरी,

पत्र लिहायचं नाही म्हणालीस ते तिच्यासाठी. तू बोलत नाहीस म्हणून तुझ्या ताटाशेजारी हे ठेवतोय.

गेलो होतो. तिसरा मजला, कठडा सैल आहे. ठेंगीच्या वडिलांनी दार उघडलं, मी कोण ते सांगितलं, त्यांनी आत या म्हटलं नाही. दारातच सांगितलं सगळं. ते जे बोलले ते लिहीत नाही. खोटं एकही नव्हतं. मी तोंड उघडलं नाही, आणि मला ते किती जड जातं हे तुला माहीत आहे. मध्ये तिची आई शिवणाच्या यंत्रावरून उठून आली आणि म्हणाली, “पोरीला रोज पहाटे उठवलं आम्ही, झोपेतून ओढून. कशासाठी? तुमचं चुकलेलं पान पाठ करायला?” त्यावर मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार होतो?

मग ठेंगी बाहेर आली. खरंच बुटकी आहे. माझ्याकडे वर बघून म्हणाली, “एकतीस अ, बत्तीस क, तेहतीस अ. मला आता ते विसरताच येत नाही. मी खूप प्रयत्न करते. एन्शंट वाचलं की आपोआप ओल्ड येतं.” मी म्हटलं, रोज थोडं थोडं काढू आपण. त्यावर ती म्हणाली, “पण तुम्ही सांगाल तेही मी का खरं मानायचं?”

भिंगरी, सैल कठडा धरून मी जिना उतरायला लागलो. अर्ध्या जिन्यात असताना ती वरून ओरडली, “उद्या साडेचारला येते.” मी थांबलो, विचारलं, माझ्यावर विश्वास नाही तर मग कशाला येतेस?

म्हणाली, “तुमच्याकडे नाही येत. तिला विचारायला येते. तिचं बरोबर होतं ना.”

तेव्हा उद्या साडेचारला घरी राहा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिच्याशी बोल.

आजोबा